बाथरूममध्ये दमटपणा ओळखून चालू होणारा एक्झॉस्ट फॅन बसवताय? वायरिंग आणि सेटिंगच्या या गोष्टी आधी समजून घ्या

अंघोळ झाली. बाहेर येताना लाइट बंद केला, सवयीने एक्झॉस्ट फॅनही बंद केला आणि दार लावून घेतलं. आतली वाफ मात्र आतच राहिली. असं रोज होत राहिलं की काही महिन्यांत छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसायला लागतात, रंगाचे पोपडे सुटतात, आरशामागचा प्लायवूड फुगतो आणि टॉवेलला कुबट वास यायला लागतो.

यावर उपाय म्हणून हल्ली ह्युमिडिटी सेन्सर असलेले एक्झॉस्ट फॅन मिळतात. हवेतला दमटपणा वाढला की ते आपोआप चालू होतात आणि कमी झाला की बंद होतात. कल्पना छान आहे. पण असा फॅन साध्या फॅनसारखा जोडला, तर त्यातला सेन्सर काहीच कामाचा राहत नाही. आणि जोडणी बरोबर असूनही सेटिंग चुकलं, तर मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तो दिवसरात्र फिरत राहतो.

हा फॅन काम कसा करतो, त्याचं वायरिंग वेगळं का असतं आणि त्यात जिवावर बेतू शकतील अशा चुका कोणत्या, हे समजून घेऊया.

थोडक्यात महत्त्वाचं

- सेन्सरला २४ तास वीज लागते. त्यामुळे लाइटच्या बटणामागून फेज घेऊन चालत नाही.
- अशा फॅनला कायमचा फेज असल्याने तो बटण बंद असतानाही अचानक फिरू शकतो. म्हणून बाथरूमबाहेर वेगळा डबल पोल स्विच हवाच.
- फॅन आतली आर्द्रता बाहेरच्या हवेपेक्षा खाली आणू शकत नाही. सेटिंग ठरवताना हे लक्षात ठेवायचं.
- बाथरूममध्ये गॅस गीझर असेल, तर हा फॅन त्यापासून संरक्षण देत नाही.

आर्द्रता ६० टक्के म्हणजे नक्की काय?

सेन्सर जी टक्केवारी दाखवतो ती सापेक्ष आर्द्रता असते. म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढं बाष्प धरून ठेवू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प आत्ता हवेत आहे.

हवा जितकी गरम, तितकं जास्त बाष्प ती धरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जवळपास ३० ग्रॅम बाष्प मावतं. २० अंशांना हाच आकडा साधारण १७ ग्रॅम असतो.

आता पुण्यातली जानेवारीतली सकाळ घ्या. गरम पाण्याच्या अंघोळीमुळे बाथरूममधली हवा ३० अंशांपर्यंत गेली आणि तिच्यात प्रत्येक घनमीटरमागे २६ ग्रॅम बाष्प आलं. पण भिंतीवरची टाइल १८ अंशांना थंड आहे. टाइलला टेकलेली हवा थंड झाली की तिला १५ ग्रॅमच्या आसपासच बाष्प धरता येतं. उरलेलं पाणी थेंब होऊन टाइलवर, आरशावर आणि छतावर बसतं.

टाइल पुसली की कोरडी होते. छताचा रंग, लाकूड आणि टाइलच्या सांध्यांमधलं ग्राउट हे पाणी शोषून घेतात. पृष्ठभागाजवळची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की तिथे बुरशी धरायला पोषक वातावरण तयार होतं. म्हणजे वाफ लवकरात लवकर बाहेर जाणं महत्त्वाचं आहे, आणि ते काम नेमकं अंघोळ संपल्यानंतर व्हायला हवं.

सेन्सर काम कसं करतो?

आजच्या बहुतेक सेन्सरमध्ये पॉलिमरचा एक पातळ थर असतो. हवेतलं बाष्प या थरात शिरलं की त्याची विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते. सर्किट हा बदल मोजतं आणि ठरलेली पातळी ओलांडली की रिले ओढून फॅन चालू करतं.

चालू होण्याची आणि बंद होण्याची पातळी मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. उदाहरणार्थ, ७० टक्क्यांना चालू आणि ६५ टक्क्यांना बंद. दोन्ही एकच असती, तर फॅन दर काही सेकंदांनी चालू-बंद होत राहिला असता.

बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात:

- ठरावीक पातळीचे: तुम्ही ठरवलेल्या टक्केवारीच्या वर गेलं की चालू.
- वाढीचा वेग ओळखणारे: काही मिनिटांत आर्द्रता झपाट्याने वाढली, म्हणजे कोणीतरी अंघोळ करतंय, असं समजून चालू होणारे.
- टायमरही असलेले: सेन्सरसोबत, लाइट बंद झाल्यावर ठरावीक मिनिटं फिरत राहण्याची सोय असलेले.

खरेदी करताना खोक्यावर फक्त 'ह्युमिडिटी सेन्सर' एवढं वाचून थांबू नका. यातला कोणता प्रकार आहे ते पाहा. कोकण किनारपट्टीवर राहणाऱ्यांसाठी हा फरक फार मोठा आहे. तो का, ते पुढे येईलच.

साध्या फॅनपेक्षा याचं वायरिंग वेगळं का?

साध्या एक्झॉस्टला दोन वायर पुरतात. बटणातून येणारा फेज आणि न्यूट्रल. बॉडी धातूची असेल तर तिसरी अर्थिंगची. बटण दाबलं की वीज आली, बंद केलं की गेली.

सेन्सरवाल्या फॅनच्या आत मात्र एक छोटं सर्किट सतत हवेवर लक्ष ठेवून असतं. त्याची वीज बटणाने तोडली, तर ते झोपलं. म्हणून अशा फॅनमध्ये सहसा ही टर्मिनल दिसतात:

- कायमचा फेज: यावर बहुधा 'एल' असं अक्षर असतं. बटण चालू असो वा बंद, इथे वीज हवी.
- बटणातून येणारा फेज: यावर 'एस एल' किंवा 'टी' अशी खूण असते. ही वायर फॅनला फक्त निरोप देते की आता हाताने चालू केलंय.
- न्यूट्रल: यावर 'एन' असतं.
- अर्थिंग: बॉडी धातूची असल्यास. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर फॅनला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि त्याला अर्थिंग लागत नाही.

खुणा कंपनीप्रमाणे बदलतात. त्यामुळे फॅनसोबत आलेल्या आकृतीवरच शेवटचा विश्वास ठेवायचा.

आपल्याकडे खरी अडचण इथे येते. बहुतेक फ्लॅटमध्ये एक्झॉस्टच्या जागेपर्यंत भिंतीतल्या पाइपमधून बटणामागचा फेज आणि न्यूट्रलच पोहोचवलेले असतात. काही ठिकाणी फॅनजवळ सॉकेट असतं आणि फॅनचा प्लग त्यात खोचलेला असतो. कायमच्या फेजसाठी वेगळी वायर नसतेच. ती स्विचबोर्डापासून फॅनपर्यंत नव्याने ओढावी लागते. पाइपमध्ये जागा असेल तर स्प्रिंग टाकून तासाभरात होतं. नसेल तर वरून केसिंग पट्टी मारावी लागते. फॅन विकत घेण्याआधीच हे वायरमनला दाखवून घ्या.

जोडणीच्या तीन पद्धती

१. सेन्सर फॅनच्या आतच: बोर्डातून कायमचा फेज, बटणामागचा फेज आणि न्यूट्रल अशा तीन वायर फॅनपर्यंत जातात. नवीन बाथरूम करताना किंवा टाइल बदलताना ही सगळ्यात नीटनेटकी पद्धत आहे.

२. आधीचा फॅन आणि वेगळा कंट्रोलर: चालू स्थितीतला फॅन तसाच ठेवून बाहेर वेगळा ह्युमिडिटी कंट्रोलर बसवता येतो. फेज कंट्रोलरमध्ये जातो आणि त्याच्या रिलेतून बाहेर पडून फॅनकडे जातो. न्यूट्रल कंट्रोलरलाही लागतो आणि फॅनलाही. इथे दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, कंट्रोलरचा रिले मोटरचा भार पेलणारा आहे का. मोटर सुरू होताना बल्बपेक्षा वेगळा झटका बसतो. दुसरी, स्विचबोर्डात न्यूट्रल आहे का. ज्या बोर्डात फक्त बटणं आहेत, सॉकेट नाही, तिथे अनेकदा न्यूट्रल आणलेलाच नसतो.

३. कंट्रोलर आणि बटण समांतर: दुसऱ्या पद्धतीतच जुनं बटण कंट्रोलरच्या रिलेला समांतर जोडायचं. मग सेन्सरने सांगितलं तरी फॅन चालतो आणि बटण दाबलं तरी चालतो. दुर्गंधीसाठी हे आवश्यक आहे, कारण सेन्सरला दमटपणा कळतो, वास कळत नाही.

तिन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. बटण बंद असलं तरी फॅनपर्यंत किंवा कंट्रोलरपर्यंत वीज असतेच. जाळी पुसायला कोणी स्टुलावर चढलं, ओल्या फडक्याने आर्द्रता वाढली आणि पातं फिरायला लागलं, असं होऊ शकतं. त्यामुळे बाथरूमबाहेर, हाताला सापडेल असा डबल पोल स्विच लावून घ्या. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतो. त्यावर 'एक्झॉस्ट मेन' अशी चिठ्ठी चिकटवा. फॅनला हात लावण्याआधी हा स्विच बंद, हा घरातल्या सगळ्यांसाठी नियम करून टाका. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही तो दाखवून ठेवा.

निळी वायर: फेज की न्यूट्रल?

आपल्या घरांच्या वायरिंगमध्ये बहुतेक ठिकाणी फेज लाल, पिवळा किंवा निळा असतो, न्यूट्रल काळा आणि अर्थिंग हिरवी असते. परदेशी पद्धतीच्या उपकरणांमध्ये मात्र फेज तपकिरी, न्यूट्रल निळा आणि अर्थिंग हिरवी-पिवळी असते.

म्हणजे भिंतीतून आलेली निळी वायर फेज असू शकते आणि फॅनमधून आलेली निळी वायर न्यूट्रल. 'निळ्याला निळी' जोडली की उलटी जोडणी झाली. फॅन तरीही फिरतो, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. पण फॅनमधला रिले मग न्यूट्रल तोडतो आणि फॅन थांबलेला असतानाही मोटरपर्यंत फेज राहतो. जुन्या इमारतींत तर हाताला लागेल त्या रंगाची वायर वापरलेली सापडते. म्हणून रंगावरून अंदाज बांधायचा नाही, मीटरने मोजायचं.

फेज कुठून घ्यायचा आणि कुठून नाही?

लाइटच्या बटणामागून नको. लाइट बंद केला की सेन्सरही बंद होईल आणि अंघोळीनंतरची वाफ आत राहील. फॅन बदलूनही फरक पडला नाही, अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा.

गीझरच्या लाइनमधून नको. गीझरची लाइन जाड वायरची असते आणि तिचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरचा असतो. त्यातून फॅनसाठी बारीक वायर काढली आणि ती कुठे दबली किंवा जास्त तापली, तर एवढा मोठा एमसीबी ती जळण्याआधी पडेलच असं नाही.

लाइट-फॅनच्या सर्किटमधला कायमचा फेज योग्य. या सर्किटला सहसा ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी असतो. वायर आयएसआय मार्कची, १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या. काही कंपन्या फॅनआधी ३ अँपिअरचा फ्यूज सांगतात. तसं लिहिलं असेल तर तो लावा.

आणि एक गोष्ट आवर्जून: फेज ज्या सर्किटचा, न्यूट्रलही त्याच सर्किटचा हवा. जवळ सापडला म्हणून दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उचलला, तर आरसीसीबी सारखा पडत राहील. मग 'हा आरसीसीबीच खराब आहे' म्हणून कोणीतरी तो काढून टाकतं, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

ओली जागा, अनवाणी पाय

बाथरूममध्ये आपण ओले असतो, अनवाणी असतो आणि पायाखालची फरशीही ओली असते. ओल्या त्वचेचा विजेला होणारा विरोध बराच कमी असतो. त्यामुळे हॉलमध्ये नुसता झटका देणारा दोष इथे जीव घेऊ शकतो.

- ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी: गेलेला आणि परत आलेला प्रवाह सारखा नसेल तर हा क्षणार्धात वीज तोडतो. एमसीबी हे काम करत नाही. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. त्यावरचं 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबून तो पडतोय ना ते बघा.
- अर्थिंग खरी हवी: अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रलच अर्थच्या टर्मिनलला जोडण्याचा 'जुगाड' करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर फॅनची संपूर्ण बॉडी २३० व्होल्टवर येते.
- जागा: शॉवरच्या किंवा हँड शॉवरच्या फवाऱ्याच्या आवाक्यात कंट्रोलर, सॉकेट किंवा वायरचा जोड नको. आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये शॉवरभोवतीचा सगळ्यात जपायचा भाग २.२५ मीटर उंचीपर्यंत धरला जातो. फॅन शॉवरच्या जवळ येणार असेल तर किमान आयपीएक्स४, म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे सहन करणारा घ्या.
- जोड: वायर पिळून वर टेप गुंडाळलेला जोड वाफेत टिकत नाही. जोड कनेक्टरमध्ये आणि बंद जंक्शन बॉक्समध्येच हवेत.

हे काम स्वतः करायचं का?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार विद्युत जोडणीचं काम परवानाधारकांकडूनच करून घ्यायचं असतं. बल्ब, फ्यूज, बटण किंवा फॅन बदलण्यासारख्या किरकोळ कामांना त्यात सूट आहे, पण मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच.

म्हणजे जुना साधा फॅन काढून तसाच दुसरा लावणं वेगळं. नवीन वायर ओढणं, कायमचा फेज काढणं, डबल पोल स्विच बसवणं हे वायरमनचं काम आहे. तुमचं काम आहे नेमकं काय हवं ते सांगणं आणि झालेलं काम तपासणं. व्हिडिओ बघून बोर्ड उघडू नका.

वायरमन कामाला लागला की क्रम साधारण असा असायला हवा:

१. एमसीबी बंद करून त्यावर चिठ्ठी लावणं, म्हणजे घरातलं कोणी चुकून चालू करणार नाही.
२. वीज खरंच गेली का ते मीटरने तपासणं. मीटर आधी चालू सॉकेटवर, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू सॉकेटवर लावून बघायचा. नुसता स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर फसवू शकतो.
३. कायमच्या फेजची वायर आणि डबल पोल स्विच.
४. फॅनवरच्या आकृतीप्रमाणे जोडणी. वायरवर ताण येऊ नये म्हणून क्लॅम्प.
५. झाकण लावून झाल्यावरच वीज चालू करणं.

पावसाळ्यात फॅन थांबतच नाही, असं का?

जोडणी बरोबर असली तरी इथे बरेच जण अडकतात.

एक्झॉस्ट फॅन हवा कोरडी करत नाही. तो आतली हवा बाहेर टाकतो आणि तिच्या जागी घरातली किंवा बाहेरची हवा आत येते. म्हणजे येणारी हवा जेवढी दमट, त्याच्या खाली बाथरूमची आर्द्रता जाऊच शकत नाही.

जुलैमध्ये मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत बाहेरची आर्द्रता बऱ्याचदा ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते. फॅन ६५ टक्क्यांवर सेट असेल, तर तो पाऊस संपेपर्यंत ६५ टक्क्यांची वाट बघत फिरत राहणार. याउलट नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी असते की तीच सेटिंग अगदी योग्य ठरते.

असे फॅन ब्रिटनसारख्या थंड देशांमध्ये जास्त रुळलेले आहेत. तिथे हिवाळ्यात बाहेरची थंड हवा घरात येऊन गरम झाली की तिची सापेक्ष आर्द्रता खाली येते, त्यामुळे ६०-७० टक्क्यांचं सेटिंग चालून जातं. आपल्या किनारपट्टीचा पावसाळा या हिशेबात बसत नाही.

खर्चाचा हिशेब बघा. ३० वॅटचा फॅन २४ तास चालला तर दिवसाला ०.७२ युनिट, म्हणजे ३० दिवसांत २१.६ युनिट वीज जाते. तोच रोज एक तास चालला तर महिन्याला ०.९ युनिट. शिवाय सतत फिरल्याने मोटर आणि बेअरिंग लवकर झिजतात.

मग सेटिंग कसं ठरवायचं?

एक साधा डिजिटल हायग्रोमीटर घ्या. बाथरूम कोरडं असताना, म्हणजे अंघोळीच्या बऱ्याच तासांनंतर, तीन-चार दिवस आकडा टिपून ठेवा. त्याच्या ५ ते १० टक्के वर फॅनचं सेटिंग ठेवा. कोरडं असताना ५५ दिसत असेल तर ६० ते ६५.

किनारपट्टीवर पावसाळ्यात हाच आकडा ८५ असेल तर सेटिंग ९० च्या वर न्यावं लागेल. अनेक फॅनमध्ये तेवढी सोय नसते आणि स्वस्त सेन्सरमध्ये चार-पाच टक्क्यांची चूक सहज असते. अशा ठिकाणी नुसत्या टक्केवारीवर चालणारा फॅन घेऊ नका. वाढीचा वेग ओळखणारा किंवा टायमर असलेला घ्या आणि जून ते सप्टेंबर टायमरवर चालवा.

टायमर किती ठेवायचा? ५ बाय ८ फुटांचं आणि ९ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे ३६० घनफूट, साधारण १० घनमीटर हवा. फॅन ताशी १०० घनमीटर हवा खेचत असेल तर दर ६ मिनिटांनी बाथरूमभर हवा बदलते. आतली हवा नव्या हवेत मिसळत राहते, त्यामुळे एका फेरीत सगळी वाफ जात नाही. १५ ते २० मिनिटांत मात्र बहुतेक वाफ निघून जाते. लांब पाइप किंवा जाळीत अडकलेली धूळ असेल तर वेळ वाढतो.

हवा आत येणार कुठून?

फॅन जितकी हवा बाहेर टाकतो तितकीच आत यायला हवी. दार खालून घट्ट बसत असेल तर फॅन नुसता आवाज करतो. दाराखाली साधारण एक सेंटिमीटरची फट किंवा खालच्या भागात झडप असू द्या.

आपल्याकडे फॅन बऱ्याचदा काचपट्ट्यांच्या खिडकीतच बसवलेला असतो. त्याच्या शेजारच्या पट्ट्या उघड्या असतील तर फॅन तिथूनच बाहेरची हवा घेतो आणि पुन्हा बाहेर टाकतो. शॉवरजवळची वाफ जागची हलत नाही. फॅन चालू असताना त्याच्या लगतच्या पट्ट्या बंद ठेवा.

फॅनच्या मागे आपोआप मिटणारी झडपही हवी. नाहीतर पावसाळी वाऱ्याची दमट हवा थेट सेन्सरवर येते आणि रात्री दोन वाजता बाथरूममध्ये कोणी नसताना फॅन सुरू होतो. छतावरून पाइप नेला असेल तर त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या, म्हणजे आत साचलेलं पाणी मोटरवर परत येणार नाही.

गॅस गीझर असेल तर थांबा

गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममध्ये माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडू शकतो.

ह्युमिडिटी सेन्सरला हा वायू ओळखता येत नाही. उलट दार-खिडकी बंद असताना एक्झॉस्ट जोरात चालला, तर खोलीतला दाब कमी होऊन गीझरच्या धुरांड्यातून बाहेर जाणारा वायू परत आत ओढला जाऊ शकतो. त्यामुळे गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. 'एक्झॉस्ट आहे ना' म्हणून तो आत ठेवू नका.

वायरमन जाण्याआधी हे तपासा

- लाइट आणि फॅनचं बटण बंद ठेवा. शॉवरचं गरम पाणी सोडा किंवा गरम पाण्याची बादली आत ठेवून दार लावा. काही मिनिटांत फॅन आपोआप चालू झाला पाहिजे.
- बाहेरचा डबल पोल स्विच बंद करा. फॅन पूर्ण थांबला पाहिजे.
- आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. फॅनची वीज गेली पाहिजे.
- फॅन चालू असताना दाराच्या फटीजवळ टिश्यू पेपर धरा. तो आतल्या दिशेने ओढला गेला पाहिजे.
- जोडणीची आकृती आणि उघड्या जंक्शन बॉक्सचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी येणाऱ्या वायरमनला तो उपयोगी पडेल.

नेहमी पडणारे प्रश्न

भाड्याच्या घरात काय करता येईल?
फॅन प्लगवर असेल आणि सॉकेट पाण्यापासून लांब असेल, तर स्मार्ट प्लग आणि बॅटरीवर चालणारा ह्युमिडिटी सेन्सर वापरता येतो. वायरिंगला हात लावावा लागत नाही. सॉकेटचं बटण मात्र कायम चालू ठेवावं लागेल, आणि काही प्रकारांत वाय-फाय गेलं तर फॅन चालणार नाही.

सेन्सर कुठे बसवायचा?
वेगळा सेन्सर असेल तर शॉवरच्या अगदी वर नको, गीझरला लागून नको आणि खिडकीच्या झोतातही नको. छताजवळ, कोरड्या भिंतीवर चांगला.

फॅन चालू होतो पण फार उशिरा. काय करायचं?
आधी जाळी आणि सेन्सरवरची धूळ साफ करा, अर्थात बाहेरचा स्विच बंद करून. तरीही तसंच असेल तर सेटिंग एकेक टप्प्याने खाली आणा.

साधा फॅन आणि साधा टायमर चालणार नाही का?
चालेल. किनारपट्टीवर राहत असाल, तर अंघोळीनंतर २० मिनिटं फॅन चालू ठेवणारा टायमर पावसाळ्यात सेन्सरपेक्षा जास्त भरवशाचा ठरतो. सेन्सरचा खरा फायदा कोरड्या हवेच्या शहरांत, आणि घरात बटण दाबायला विसरणारी मंडळी जास्त असतील तिथे होतो.